मबरूकेचा दोर

आडबंदरच्या खाडीत, मुखापासून थोडे आत, एक लहान बेट आहे. बेटावर पडक्या चौकीचा चौथरा आणि एक गोरखचिंच, एवढेच. झाडाचा बुंधा आठ माणसांच्या कवेत मावत नाही. वरची साल जाड, सुरकुतलेली, कधी हात न लागलेली. खाली मात्र, बसलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीपर्यंत, बुंधा गुळगुळीत आणि तांबूस आहे. कोळणी तेवढ्याच भागाची साल काढतात आणि ती बसूनच काढतात. होडीतून आलेल्या पाहुण्यांना याचे नवल वाटते.

"उभं राहून काढली तर झाड रागावतं का?" कोणीतरी विचारतेच.

"झाड कशाला रागवंल?" होडीवाला नथू तांडेल म्हणतो. "आमच्या बायका रागावतील. बसा, सांगतो."

तो सांगतो ते असे. फार पूर्वी या बेटावर सरकारी चौकी होती. सरकार कोणाचे, हे आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही. चौकीच्या हवालदाराकडे मबरूका नावाची एक हबशी बाई होती. समुद्रापलीकडच्या तिच्या मुलखातून तिला जहाजात घालून आणले होते. ती दोनदा पाण्यात उतरून पळाली. दुसऱ्या वेळी तिच्यामागे उतरलेला शिपाई परत आला नाही. त्या दिवसापासून हवालदाराने तिला या झाडाला बांधले. साखळीचे कडे तिच्या पायात, आणि कुलूप बुंध्यापाशी.

तिची भाकरी घेऊन पलीकडच्या कोळीवाड्यातून मानकू येई. मानकू विधवा होती, एकटी होती, आणि तिला या झाडाची भीती वाटे. परदेशी खलाशांनी कधीतरी लावलेले ते झाड. कोळीवाड्यातले कोणी त्याला हात लावत नसे. मबरूकेला मात्र ते ओळखीचे होते. तिच्या मुलखात गावोगावी तेच झाड. ती त्याला मबुयू म्हणे. तिने एक फळ फोडले, आतला पांढरा भुसभुशीत गर पाण्यात कालवला आणि लोटी पुढे केली.

"माझ्या जिवावर उठलीस काय गो?" मानकू म्हणाली. पण नाक धरून एक घोट घेतला. आंबट, गार. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच लोटी पुढे केली.

मग वाळवलेली पाने कालवणात पडू लागली. फळांची पोकळ कवचे जाळी तरंगावी म्हणून त्यांना बांधली गेली. आणि एका वादळात चौकीच्या होडीचा दोर तुटला, तेव्हा मबरूकेने बुंध्याची साल सोलून, भिजवून, बडवून, तिच्या धाग्यांचा दोर वळून दिला. पुढची तीन वादळे तो दोर तुटला नाही.

हवालदाराने तिला विचारले, काय हवे? तिने पायाकडे बोट दाखवले.

तो हसला म्हणे. कोळीवाड्यातली पाच माणसे तिथे उभी होती. त्यांच्या देखत तो म्हणाला, "या झाडापासून त्या किनाऱ्यापर्यंत पोचेल असा दोर वळ. याच झाडाच्या सालीचा, दुसरं काही त्यात नको. दोराचं टोक किनाऱ्याला लागेल त्या दिवशी कुलूप काढतो."

अंतर तीनशे हात. हवालदाराचा हिशेब सोपा होता: साल सोलली की झाड वाळते. गोरखचिंचेची साल पुन्हा येते हे त्याला ठाऊक नव्हते. मबरूकेला ठाऊक होते. एका बाजूची साल काढायची, तीन पावसाळे तिला भरू द्यायचे, तोवर दुसऱ्या बाजूला सरकायचे. साखळी पुरेल तेवढेच, वाकूनच उभे राहायचे, तेवढेच फिरायचे. सहा वर्षे गेली. मानकू साल भिजवायला, वाळवायला घरी नेई आणि धागे परत आणी. दोर दोनशे साठ हात झाला.

उरले चाळीस हात. बुंध्यावर तिचा हात पोचेल तिथवर जुनी साल उरली नव्हती, नवी यायला अजून दोन पावसाळे होते. मबरूकेच्या पायाला कड्याने जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. मानकूला ते बघवेना. घरी नेलेल्या धाग्यांत तिने नारळाचा काथ्या मिसळला. थोडा थोडा, प्रत्येक पिळात. मबरूकेच्या बोटांतून ते धागे गेले तेव्हा बोटे एकदा थांबली. तिने मानकूकडे पाहिले, आणि मग पुन्हा वळू लागली.

दोर किनाऱ्याला लागला त्या दिवशी हवालदार स्वतः ओहोटीच्या पाण्यातून तो तळहातातून ओढत चालत गेला. दोनशे साठ हातांपर्यंत दोर मुठीतून सरकत राहिला. पुढे त्याच्या तळव्याला काथ्या टोचला. त्याने कोयता मागवला आणि दोर तिथेच तोडला. फसवणुकीची शिक्षा म्हणून साखळीही इतकी आखडली की मबरूकेला उभे राहता येईना.

मानकू तिच्यासमोर जाऊन बसली.

"मी केलं गो," ती म्हणाली.

"मला कळलं होतं," मबरूका म्हणाली. "मलाही घाई होती."

त्यानंतर दोघी साल भरायची वाट बघत बसल्या. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, मबरूकेला ताप आला आणि सातव्या दिवशी ती गेली. तिला झाडाच्या बुंध्याशीच पुरले. मानकूने हवालदाराचे पाय धरले, निदान आता तरी कुलूप काढा म्हणून. तो म्हणाला, दोर पुरा झालेला नाही. बुंध्यापासून निघालेली साखळी तशीच मातीत शिरली.

"मग मी पुरा करते," मानकू म्हणाली.

चार-सहा दिवस ती समोर बसून असलेली बघून हवालदाराचाच जीव कासावीस झाला असावा. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वरची साल कोणी काढलेली नाही. उभी राहा, घे काढून. महिन्यात होईल. मी बघत नाही."

"नको," मानकू म्हणाली. "एकदा घाई केली."

तिने पावसाळा पुरता सरू दिला, साल पुरती भरू दिली. मग मबरूका बसे तिथे बसून, मबरूकेचा हात पोचे तिथवरचीच साल काढली. घरी काही नेले नाही. तिथेच भिजवली, तिथेच बडवली, तिथेच वळली. फाल्गुनातल्या अवसेला, उधाणाच्या ओहोटीत, तीनशे हातांचा दोर किनाऱ्याला लागला. हवालदाराने तो पुन्हा तळहातातून ओढून पाहिला. सबंध दोरात त्याचा हात कुठे थांबला नाही. त्याने कुलूप काढले. साखळीचे सुटलेले टोक मानकूने मातीवर ठेवले आणि दोर धरून ती पाण्यात उतरली.

ओहोटीलाही तिथे छातीभर पाणी असते आणि ओढ माणसाचे पाय उचलते. किनाऱ्यावर जमलेल्यांनी पाहिले असे सांगतात, की मानकूच्या मागे, दहाबारा हातांवर, दोर पाण्यात वाकला होता. दुसऱ्या कोणी धरला की वाकतो तसा. मानकू किनाऱ्याला लागली तरी तो तसाच होता. तिने आपले टोक सोडले नाही. हळूहळू दोर वर आला, सैल झाला, तेव्हा ती घरी गेली.

आजही फाल्गुनातल्या अवसेला आडबंदरच्या कोळणी सालीचा दोर बेटापासून किनाऱ्यापर्यंत आणतात. दोर धरून एकेक जण पाण्यातून पार होते. शेवटची बाई बाहेर आली तरी दोर लगेच गुंडाळत नाहीत. तो हातात धरून सगळ्या जणी गप्प उभ्या राहतात. पाहुण्यांपैकी कोणी विचारले, आता कशाला थांबलात, तर म्हाताऱ्या सांगतात, इतकी वर्षं बसून काढलेल्या माणसाला किनाऱ्याचा चढ चढायला वेळ लागतो.