मातीचा मध्य

“माती मधेच फुगते, त्याला मी काय करू, मॅडम?”

रणधीरनं हातातली कांडी टेबलावर आपटायचीच काय ती बाकी ठेवली. काळ्या मातीची, मुठीत मावेल एवढी कांडी. यंत्राच्या दोन लोखंडी चकत्यांमध्ये उभी करून वरून दाब दिला की दर वेळी हिचं पोट सुटायचं. वरचं नि खालचं टोक मात्र जिथल्या तिथे, जसं काही झालंच नाही.

कमतनूरकर मॅडमनी चष्मा काढून पुसला.

यानंच तर त्याचं डोकं फिरायचं. कॉलेजच्या या माती तपासायच्या लॅबमध्ये तो त्यांच्या हाताखाली तीन वर्षं घासत होता. आता कुठे शोध लागला होता: येरळा नदीकाठच्या या मातीची कांडी मध्यातच कमजोर असते. सोमवारी समितीपुढे तेच मांडायचं. मॅडमनी होकार दिला तर पीएचडी मार्गी लागणार, नाही दिला तर सगळं पाण्यात. आणि बाई चष्मा पुसत बसल्यात!

“पुरावा आहे माझ्याकडे,” तो तावातावानं म्हणाला. “ढेकळाच्या वरच्या भागातून कांडी कापली. खालून कापली. आडवी कापली. कुठूनही कापा, फुगते ती मधेच!”

“अरे वा.”

“वा काय?”

“तू कुठून कापणार, हे मातीला आधीच कळतं म्हणायचं.”

रणधीरनं कांडी उलटीसुलटी करून पाहिली.

“जमिनीत होती, तेव्हा हिचा मध्य कुठे होता रे?”

रणधीर उसळला. “कोडी नकोत, मॅडम! चुकत असेन तर सरळ सांगा ना एकदा.”

“हात ठेव टेबलावर. पालथा. बोटं जुळवून.”

ठेवला. करतो काय! मॅडमनी त्यावर आपला तळवा टेकवला आणि सगळा भार घालून दाबला. साठीला आलेल्या बाईत एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“आता बोटं पसर.”

तो पसरायला गेला. जमेना. पुन्हा जोर लावला. मनगट दुखायला लागलं, बोटं काही हलेनात.

“पसर की. कमजोर आहेस का?”

“अहो, पण तुम्ही सोडाल तर पसरतील ना!”

तो ओरडलाच.

त्यानं टेबलावरच्या कांडीची टोकं पाहिली. मग यंत्राच्या त्या खरबरीत चकत्या पाहिल्या. टोकं पसरणार कशी, यांनी पकडून ठेवल्यावर!

मॅडमनी हात उचलला आणि कपाटातून ग्रीसचा डबा काढून पुढे सरकवला.

“चकत्यांना ग्रीस?” रणधीर पुन्हा चिडला. “मग टोकं घसरतील की! कांडी धरणार कोण?”

“तुला दाबायला सांगितलं होतं, धरायला नाही.”

तो पुटपुटत उठला. दोन्ही चकत्यांना ग्रीस फासलं, त्यावर पातळ रबर लावलं, पुन्हा ग्रीस. सांडासांड झाली, तेव्हा पुसायला मॅडमही पुढे आल्या. नवी कांडी कापून त्यानं तिच्यावर सारख्या अंतरानं पेनाच्या आडव्या रेघा ओढल्या आणि यंत्र सुरू केलं.

रेघा एकमेकींजवळ सरकू लागल्या. टोकाच्याही सरकल्या, मधल्याही सरकल्या, सगळ्या सारख्याच. कांडी बुटकी झाली, जाड झाली, पण वरपासून खालपर्यंत एकसारखी. पोट म्हणून नाही.

त्यानं दुसरी कांडी लावली. आडवी कापलेली. तीही तशीच.

“झालं!” तो धप्पकन स्टुलावर बसला. “गेला माझा शोध. इतके दिवस मी मातीचा मध्य म्हणून चकत्यांची पकड मोजत बसलो होतो. सोमवारी हे सांगू समितीला? खो-खो हसतील! होकार तर राहिलाच बाजूला, आता बोलण्यासारखं उरलंय काय माझ्याकडे?”

त्याचा हात टेबलावर तसाच पालथा पडला होता. दोघांचेही हात ग्रीसनं बरबटलेले. मॅडमनी त्याच्या हातावर तळवा टेकवला आणि पुन्हा दाबला, मघाइतकाच.

बोटं आपसूक पसरली.

“हं,” मॅडम म्हणाल्या, “आता सोमवारी हेच बोल.”