कानामागची बट

सरळ केसच चांगले, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं? गुंड्या नावाच्या धाकट्या मेंढराने हे साऱ्या कळपाला विचारलं.

माळावरच्या मेंढ्या आपली चूल आपणच पेटवायच्या, त्या काळची ही गोष्ट. गुंड्याच्या ताईची, सोनकीची, लोकर दाट कुरळी होती. शेळ्या खिदळायच्या, "काय गं, अंगावर शेवयांचा गुंता वाळत घातलास?"

ऐन थंडीत सोनकीने चुलीत चिमटा तापवला आणि एकेक बट त्यात धरून ओढली. करपल्याचा वास सुटला, पण लोकर सरळ झाली.

"कानामागे माझा खूर पोचत नाही रे. तेवढी बट सकाळी तू कर."

"ताई, तू कुडकुडतेस."

"गप रे! शेळीसारखी दिसते ना?"

दिसत होती. शेळ्याही म्हणाल्या, "आता कशी शोभतेस!" पण कुरळ्या लोकरीत अडकून राहणारी ऊब आता थांबेना. वारा थेट कातडीला भिडला.

सकाळी गुंड्या तापलेला चिमटा घेऊन आला, तर ताई गारठून मेलेली.

एवढी शोभत होती, मग मेली कशी? त्याला काही कळेना. त्याने चिमटा फेकून दिला आणि तिच्या कानामागची ती एकच कुरळी बट जिभेने चाटून चाटून नीट वळवली.