दगडी हत्तीचा गुडघा

एकदा काय झालं, एका राजाला माणसांपेक्षा परीक्षेचा जास्त भरवसा वाटू लागला. असल्या राजापासून जरा जपून राहावं, बरं का!

त्याच्या गावाच्या वरच्या अंगाला मोठ्ठं तळं होतं. तळ्याला मातीचा बांध, बांधाला लाकडी दार. काठाच्या उतारावर एक दगडी हत्ती उभा. पोथीत लिहिलं होतं, पाणी हत्तीच्या गुडघ्याला लागलं की दार उघडावं. राजा दरवर्षी परीक्षा घ्यायचा. ज्याला पोथी पाठ, तो हुशार. दाराची किल्ली त्यालाच. दुसऱ्या कुणी हात लावला, तर गावाबाहेर!

बांधाच्या खालीच भिवरा कोळीण राहायची. घरात तिची म्हातारी आई. भिवरा परीक्षेला बसली. प्रधानाने विचारलं, "दार कधी उघडावं?"

"आधी हत्ती कुठे उभा आहे ते बघावं, प्रधानजी."

सगळे हसले. शून्य गुण.

मग दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच उत्तर. प्रधान म्हणाला, "अगं, हत्ती दगडाचा आहे. मासा आहे का निसटायला?"

"त्याच्या सुळ्यापासून वरच्या बाभळीला दोरी बांधून मी जाळी वाळवते. दोरी दरसाल ढिली पडते. मला त्याचा संशय येतो."

पुन्हा शून्य. दोन्ही वर्षं पाऊस बेताचा होता, म्हणून निभावलं.

मग आलं तिसरं वर्ष. भिवराला तिसरं शून्य मिळालं. परगावी शिकून आलेला विश्वंभर पहिला आला. त्याने तर पोथी शेवटाकडून सुरुवातीपर्यंत म्हणून दाखवली! पण पाऊस आठ दिवस थांबेना. विश्वंभर किल्ली घेऊन बांधावर गेला. बघतो तर हत्तीचा गुडघा कोरडा. तो निर्धास्त झाला.

तेवढ्यात भिवरा धावत आली. "दादा, किल्ली द्या! खाली माझी आई आहे. तिला चालता येत नाही."

"पण पोथीत..."

"पोथी राहू द्या. जोडे काढा आणि इथे उभे राहा."

त्याने जोडे काढले. पायाखाली बांध थंडी वाजलेल्या वासरासारखा थरथरत होता. विश्वंभर पांढराफटक पडला. मग दोघांनी मिळून किल्ली फिरवली. दार उचललं. पाणी धो धो ओढ्याला लागलं. आई वाचली, गाव वाचलं.

राजा तणतणत आला. "गुडघा कोरडा असताना दार उघडलं कुणी?"

भिवराने हत्तीच्या सोंडेवर ओल्या जाळ्याचा फटका दिला. "बोल रे लबाडा!"

आणि काय सांगू, हत्ती बोलला! "पाय गारठतात माझे. म्हणून दरसाल चार बोटं वर सरकतो. तुमच्या पणजोबांपासून सरकतोय."

"मग सांगितलं का नाहीस?" राजा ओरडला.

"दरसाल परीक्षा माणसांची. माझी कुणी घेतली?"

 राजाने किल्ली भिवराला दिली. विश्वंभर तिच्याबरोबर पाणी शिकू लागला आणि ती त्याच्याकडून पोथी. पुढे परीक्षा बांधावरच होऊ लागली, तीही अनवाणी. सगळे सुखात राहिले.

काय म्हणालास? विश्वंभर ढ होता? छे रे सोन्या. तोवर त्याला तळ्यावर कुणी नेलंच नव्हतं. मीट आता डोळे.