मऊ लाकडाचं हत्यार

एका पठाराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात केरबा नावाचा एक सुतार राहत होता. अंगानं आडदांड, मनानं वाईट नव्हता, पण हात जड आणि बोलणं त्याहून जड. सागवान असो की बाभूळ, त्याच्या हातोडीपुढं कुणाचं काही चालत नसे. पंचक्रोशीतले नांगर, बैलगाड्या, दरवाजे सगळे त्याच्या हातचे. हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं, आणि खरी अडचण तीच होती.

या गावाला एक वेगळाच नाद होता. कधी काळी एक विमान बिघाड होऊन वरच्या पठारावर उतरलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत अख्खा गाव भाकरी बांधून बघायला जाऊन बसला. विमान उडून गेलं, पण पोरांच्या डोक्यातून ते काही जाईना. तेव्हापासून दरवर्षी सुगी आटोपली की गावात 'उडवणी' भरू लागली. मुलं लाकडाची छोटी छोटी विमानं घेऊन पठाराच्या कडेला उभी राहत आणि वाऱ्यावर सोडून देत. बक्षीस वगैरे काही नसे. फक्त ज्याचं विमान खालच्या ओढ्यापलीकडं जाई, त्याचं नाव वर्षभर सगळ्यांच्या तोंडी राही. अट एकच, विमान आपल्या घरात बनलेलं हवं.

केरबाला एकच मुलगी, सगुणा. पोर भारी अबोल. कुणी रागावलं तर मान खाली घालून ऐकून घेई, कुणी वाटणीचा खाऊ पळवला तरी गप्प बसे. केरबा लोकांना सांगे, "आमच्या सगुणेचा काही त्रास नाही." खरंच नव्हता. त्यामुळे तिच्याकडं फारसं कुणी बघतही नव्हतं.

त्या वर्षी तिच्या मामानं, तो दूर बंदरावर कामाला होता, भाचीसाठी बाल्साच्या थोड्या पातळ फळ्या धाडल्या. हे लाकूड जहाजातून परमुलखाहून येई. हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नसे, इतकं हलकं. सगुणेनं त्यावर पेन्सिलीनं पंखांच्या फासळ्या आखल्या. पुसून पुसून पुन्हा आखल्या. मग फळ्या पोटाशी धरून ती बापापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला एवढं कापून द्याल?"

तिनं आजवर मागितलेली ही पहिलीच वस्तू होती. केरबा खूश झाला. त्यानं फळीवर अंगठ्याचं नख दाबलं, तर तिथं खळगी पडली. त्याला हसूच आलं. याला लाकूड म्हणायचं की भाकरी, असं म्हणत त्यानं हत्यारांची पेटी उघडली.

आता कुठलाही सुतार जे करेल तेच त्यानं केलं. चांगल्या धारेच्या पटाश्या सागवानासाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यांना त्यानं हात लावला नाही. असल्या मऊ लाकडाला कसली धार हवी, म्हणून खिळे उपटायला वापरायची ती जुनी बोथट पटाशी त्यानं काढली. सगुणेला फळी धरायला सांगितली आणि वरून हातोडी हाणली.

फासळी कापली गेली नाही, चेपली. चेपली ती चेपली, शिरेच्या रेषेत उभी फुटलीही. दुसरीचं तेच झालं. केरबानं करवत घेतली, तर दात्यांनी कडेच्या चिंध्या केल्या. घरातली विळी आणली, तीही चालेना. आणि जसजसं काम बिघडत गेलं तसतसा तो जोर वाढवत गेला, कारण आयुष्यभर त्याचं प्रत्येक काम जोर वाढवला की होत आलं होतं.

शेवटी घामाघूम होऊन तो सगुणेवरच घसरला. "नीट धरता येत नाही तुला, म्हणून फुटतंय. हातात जीवच नाही तुझ्या."

तिनं फळी नीटच धरली होती. तरी ती मान खाली घालून उठली. तिनं चुरा झालेले तुकडे ओटीत गोळा केले आणि आत निघून गेली. केरबापुढं आता एकच फळी उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी चहाला बसला, तर जळणाच्या ढिगावर त्याला ते तुकडे दिसले. पेन्सिलीच्या रेघा अजून तशाच होत्या. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, "तिनंच ठेवलेत. विमान नको म्हणतीय. पुढच्या वर्षीही नको म्हणाली."

सगुणा रडली असती, रुसली असती, तर केरबा चार शब्द बोलून मोकळा झाला असता. पण तिनं भांडणसुद्धा केलं नव्हतं, आणि ते त्याला लागलं. पोरीनं जन्मात एकदा काही मागावं, आणि आपण ते चुलीत घालावं. त्याला चहा गोड लागेना.

त्यानं उरलेली फळी घेतली आणि या वेळी आपली सगळ्यात चांगली पटाशी काढली. कडेच्या एका कोपऱ्यावर अगदी जपून चालवून पाहिली. तरीही लाकूड किंचित दबलंच. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की सागवानाला जी धार पुरते ती इथं जाड पडते. याहून बारीक धार गावात एकाच माणसाकडं होती, आणि नेमकं त्याच माणसाचं दार केरबानं स्वतःला बंद करून घेतलं होतं.

तो माणूस म्हणजे तात्याबा न्हावी. एकदा पारावर चारचौघांत केरबा त्याला बोलून गेला होता, की हत्यारं म्हणावीत तर सुताराची, केस काय, कशानंही कापले जातात. लोक हसले होते. म्हातारा तात्याबा उठून गेला होता. त्यानंतर केरबाला त्याच्या दुकानाची पायरी चढायची लाज वाटू लागली. दाढीसाठी तो शेजारच्या गावी जाई आणि दर खेपेला गालावर एखादी नवी जखम घेऊन येई. पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं.

आता मात्र प्रश्न सगुणेचा होता. मान राखावा की पोरीचं विमान, याचा तो अंगणात येरझाऱ्या घालत बराच वेळ विचार करत राहिला. मग फळी काखेत मारून तात्याबाच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

तात्याबानं त्याच्याकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं आणि गालांवरच्या जखमांकडंही पाहिलं. "बस," तो म्हणाला, "आधी दाढी करू. मग काय ते बोल."

केरबा मुकाट्यानं बसला. म्हाताऱ्यानं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवला. किती तरी वेळ फिरवत राहिला. केरबाच्या मनात आलं, एवढ्यात माझी एक फळी रंधून झाली असती. मग तात्याबानं पातं आपल्याच मनगटावर टेकवलं, तिथले केस अलगद निघाले, तेव्हा कुठं तो केरबाच्या गालाकडं वळला. दाढी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे केरबाला कळलंसुद्धा नाही.

"पारावर बोललो ते चुकलं माझं," केरबा खाली मान घालून म्हणाला. मग त्यानं फळीची सगळी हकीकत सांगितली. सगुणेला काय बोललो तेही सांगितलं.

तात्याबानं फळीवरून बोट फिरवलं. म्हणाला, "केरबा, सागवान तुझ्याशी भांडतंय. पटाशी बोथट असली की हाताला झटका बसतो, तुला कळतं. पण गाल भांडत नाही बघ. हे लाकूडबी तसलंच. बोथट पात्यानं चेपलं तरी ते गप चेपून घेतंय, आणि तुला वाटतं, जोर कमी पडला. जे उलट बोलत नाही, त्याच्यापाशी जायच्या आधी आपली धार आपणच तपासायची असती."

केरबा फळीकडं बघत होता, पण त्याला दिसत होती सगुणा, ओटीत तुकडे गोळा करणारी. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं पुसलं. साबण गेला डोळ्यांत, असं काहीतरी पुटपुटला. तात्याबानं ते ऐकून घेतलं.

मग म्हाताऱ्यानं फडताळातून एक जुना वस्तरा काढला. घासून घासून त्याचं पातं पार अरुंद झालं होतं, दाढीच्या कामाचं राहिलं नव्हतं. केरबानं घरी येऊन त्याचं टोक तिरकं मोडलं, दगडावर घासलं, बांबूच्या चिरलेल्या कामटीत बसवून दोऱ्यानं करकचून बांधलं. मग जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर ते फिरवत बसला. मनगटावरचे केस निघेपर्यंत त्यानं फळीला हात लावला नाही.

एवढं झाल्यावर त्यानं सगुणेला हाक मारली. ती आली आणि नेहमीसारखी फळी धरायला बसली.

"तुझ्या हाताचा दोष नव्हता पोरी," केरबा म्हणाला. "पातं माझं बोथट होतं. आणि तोंडबी."

सगुणेनं मान वर करून बापाकडं पाहिलं. त्यानं ते नवं हत्यार तिच्याच हातात दिलं आणि फळी धरायला स्वतः बसला. पातं रेघेवरून हलकेच न्यायचं, एका दमात कापायचं नाही, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं, असं त्यानं तिला सांगितलं. तिला फार सांगावं लागलं नाही. तिचा हात मुळातच हलका होता. पहिली फासळी सुटून आली ती दुधावरची साय निघावी तशी, कड कुठंही दबली नव्हती. एका फळीत मोठं विमान होणार नव्हतं, म्हणून त्यांनी लहान केलं. आईनं चिकटवायला खळ शिजवून दिली आणि पंखांवर पातळ कागद चढला.

उडवणीच्या दिवशी सगळा गाव पठारावर लोटला होता. सगुणेची पाळी आली तेव्हा केरबाला राहवेना. आजूबाजूची मोठी मोठी विमानं पाहून त्याचा जीव वरखाली होत होता. "जोरात फेक," तो मागून ओरडला, "अंगातला सगळा जोर लाव."

सगुणा वळली. सगळ्या गावासमोर, स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही बाबा. असं नसतं फेकायचं. तुम्ही गप्प उभे राहा."

लोक केरबाकडं बघू लागले. आता हा चिडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचा चेहरा असा काही उजळला, की शेजारी उभ्या असलेल्या तात्याबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पोर उलट बोलली होती. केरबा गप्प उभा राहिला.

सगुणेनं वाऱ्याची झुळूक येऊ दिली आणि विमान नुसतं हातातून सोडलं. ते आधी थोडं खाली गेलं, मग वाऱ्यानं त्याला उचललं, आणि ते ओढ्याच्या दिशेनं शांतपणे जात राहिलं. ते पलीकडं पोचलं की नाही, हे केरबाला विचारू नका. तो सबंध वेळ लेकीच्या तोंडाकडंच बघत होता.

तात्पर्य: जो मुकाट्यानं सोसतो, त्याला काही लागत नाही असं समजू नये, त्याच्यापाशी जोर कमी ठेवावा आणि जपणूक जास्त.