पानाची पाठ

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली, त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कुणी उरले नाही.

त्या राज्यातल्या एका गावात नागवेलीचे मळे होते. शेवरीच्या सावलीत वेली चढत, गावाच्या पाटाचे पाणी पीत आणि त्यांची पाने दूरदूरच्या बाजारांत जात.

पानांविषयी गावात दोन रिवाज होते. गळलेले किंवा खराब झालेले पान मळ्याबाहेर न्यायचे नाही, ते वेलीच्या बुडाशीच टाकायचे. ‘वेलीचं वेलीला’ असे सगळे म्हणत. आणि पान मांडताना चकचकीत बाजूच वर ठेवायची. पानाची पाठ दाखवणे हा पाहुण्याचा अपमान मानत, देवीचा तर त्याहून मोठा.

दरवर्षी उत्सवाला प्रत्येक मळेकरी देवीपुढे पानांची टोपली ठेवी. गावचे कारभारी त्या टोपल्या पाहत. ज्याची पाने वाईट, त्याच्या मळ्याची पाण्याची पाळी काढून दुसऱ्याला देत. पाळी गेलेला मळा पुढचा उन्हाळा काढत नसे.

गावाच्या टोकाला एक सासू आणि तिची सून मिळून मळा करत. घरात तिसरे कुणी नव्हते. मळ्यावाचून दुसरा आधारही नव्हता.

एके वर्षी थंडी सरत असताना सुनेला दिसले, की कोवळी पाने वाटीसारखी वळू लागली आहेत. त्यांच्यावर चंदेरी ओरखडे उठले होते. तिने एक पान उलटे केले. शिरांच्या कडेने काळे ठिपके होते आणि त्यांच्यामधून सुईच्या टोकाएवढे पिवळसर किडे सरपटत होते.

“आत्याबाई, पानांना फुलकिडे लागलेत.”

“आधी पान सरळ कर,” सासू म्हणाली. “उन्हानं वळलं असेल.”

“ऊन पायानं चालतं का? बघा तरी.”

“मला नाही बघायचं. आणि तूही कुणापाशी बोलू नकोस. पाळी गेली, तर एवढ्या वेलींना डोक्यावरून पाणी आणून घालणार आहेस का तू?”

सुनेने पान सरळ केले. त्या दिवसापासून सासू रोज गुपचूप वळलेली पाने खुडू लागली आणि रिवाजाप्रमाणे वेलींच्या बुडाशी टाकू लागली. वरून मळा स्वच्छ दिसे. पण खुडलेल्यापेक्षा जास्त पाने पुन्हा वळत.

सून तापट होती. सासू बाजारी गेल्याचे पाहून तिने तंबाखूचे कडक पाणी उकळले आणि सगळ्या मळ्यावर शिंपडले. संध्याकाळपर्यंत मळ्यात एकही किडा हलेना. सून खूश झाली.

नवा चंद्र दिसायच्या आत फुलकिडे परत आले, आणि पहिल्यापेक्षा दाट आले.

दोघी बांधावर बसून होत्या. तेवढ्यात शेवरीच्या खोडावरून डाळीएवढा एक ढालकिडा खाली आला. त्याच्या तांबड्या पाठीवर काळे ठिपके होते.

“माझी माणसं कुठं गेली, सूनबाई?” त्याने विचारले.

“तुझी कसली माणसं?”

“आम्ही फुलकिडे खाऊन जगतो. तुझ्या काढ्यानं आम्ही मेलो आणि ते उरले. बाहेर जेवायला गेलो होतो म्हणून मी वाचलो.”

“ते कसे उरले?” सुनेने विचारले. “मी एक पान कोरडं ठेवलं नव्हतं.”

“त्यांची अंडी पानाच्या आत असतात. तिथं तुझा काढा पोचत नाही. आणि बाकीचे पानांवर नव्हतेच.”

“मग होते कुठं?”

“ते तुझ्या सासूबाईंना विचार. त्याच रोज त्यांना अंथरूण घालतात.”

सासू चिडून उठली. वेलीच्या बुडाशी गेली, सुकलेल्या पानांच्या राशीतून मूठभर पाने उचलली आणि आपल्या पांढऱ्या पदरावर झटकली. पदर हलू लागला. कुणी पिवळे, कुणी काळसर, कुणाला नुकते पंख फुटलेले.

“मीच वाढवले गं यांना,” ती म्हणाली.

“मीही त्यांचे वैरी मारले, आत्याबाई.”

सासूने टोपली घेतली, रास भरली आणि ती स्वतः मळ्याबाहेर घेऊन गेली. तिथे तिने ती पेटवून दिली. शेजारचा मळेकरी कुंपणावरून ओरडला, “काय वहिनी, वेलीच्या तोंडचा घास जाळता होय?”

“घास नाही, भावजी. दुखणं जाळतेय.”

मग रोजचे काम सुरू झाले. बुडाशी पाचोळा साचू द्यायचा नाही. वळलेले पान खुडून थेट आगीत टाकायचे. उरलेले प्रत्येक पान उलटे करून त्याची पाठ पाण्याने धुवायची. जिथे फारच दाटी असेल, तिथेच निंबोळ्यांचे पातळ पाणी शिंपडायचे आणि ढालकिडे दिसतील ती वेल सोडून द्यायची. अंड्यांतून नवे किडे निघत, म्हणून धुतलेली वेल पुन्हा धुवावी लागे. हात भेगाळले. पण नव्या पानांपैकी काही सरळ उघडू लागली.

उत्सव आला. सगळ्या टोपल्या शिगोशीग भरलेल्या होत्या. या दोघींची अर्धीच होती.

“टोपली अर्धी?” कारभाऱ्यांनी विचारले.

“बाकीची पानं जाळली,” सासू म्हणाली. ती खाली बसली आणि एकेक पान उलटे मांडू लागली.

लोक कुजबुजले. कारभारी म्हणाले, “बाई, देवीला पाठ दाखवता?”

“देवीला ती ठाऊक आहे. आपणच कधी पाहिली नाही. माझ्या मळ्यात फुलकिडे होते, कारभारी. मी झाकले म्हणून वाढले. आता यांतल्या एका पानावर जरी किडा दिसला, तर पाळी काढून घ्या.”

कारभाऱ्यांनी वाकून पाने पाहिली. पाठी स्वच्छ होत्या. मग त्यांनी शेजाऱ्याच्या टोपलीतले एक चकचकीत पान उचलून उलटले. पाठीवर काळे ठिपके होते. शेजारी जमिनीकडे पाहू लागला. पुढच्या टोपलीत तेच. त्यापुढच्या टोपलीतही तेच.

“ती एक राहिली,” सून हळूच म्हणाली. ती टोपली खुद्द कारभाऱ्यांच्या मळ्याची होती.

मग त्यांनी ती टोपली स्वतःच्या हाताने देवीपुढे पालथी केली. त्या पानांवरही काळे ठिपके दिसले आणि कारभाऱ्यांची मान खाली गेली.

“भीती मीच घातली होती,” ते म्हणाले. “आजपासून कीड सांगणाऱ्याची पाळी जाणार नाही.”

पंख फुटलेले किडे वाऱ्याबरोबर या मळ्यातून त्या मळ्यात जातात, म्हणून सगळ्या गावाने एकाच दिवशी पाचोळा बाहेर काढून जाळला. फुलकिडे त्या गावात अजूनही येतात. पण आता ते दिसतात त्याच दिवशी शेजाऱ्याला कळतात. आणि त्या देवळात आजही पान मांडतात, ते पाठ वर करून.

तात्पर्य : लाजेपोटी झाकलेली कीड आपणच पोसतो, चारचौघांत उलटून दाखवली, तरच ती आवरते.