शिसपेन्सिलीची राज्यघटना

झहरान नावाच्या वाळवंटी राज्यात सुलतानाने पावाची किंमत दुप्पट केली आणि त्याला आर्थिक सुधारणा म्हटलं. लोक रस्त्यावर उतरले, तसे शेकडो जण तुरुंगात गेले. त्यांत बुशराचा धाकटा भाऊही होता.

मग लोकांना शांत करायला सुलतानाने राज्यघटना जाहीर केली. ती सुंदर अक्षरात लिहायचं काम राज्यातली नामांकित सुलेखनकार म्हणून बुशराकडेच आलं. नव्व्याण्णव कलमांत प्रजेचे हक्क होते. शंभरावं म्हणत होतं, "सुलतानांना वाटेल तेव्हा वरचं कोणतंही कलम रद्द करता येईल."

भर दरबारात, परदेशी पाहुण्यांसमोर सुलतानाने ग्रंथ उघडला आणि तो भडकला. "नव्व्याण्णव कलमं शिसपेन्सिलीने, आणि शेवटचंच तेवढं शाईने?"

"हुजूर, जे पुसायचंच आहे ते शाईने लिहिलं असतं, तर पुसताना आपलेच हात काळे झाले असते," समोर उभी असलेली बुशरा म्हणाली.

पाहुणे हसले, म्हणून सुलतानालाही हसावं लागलं. ते विमानात बसताच त्याने भाषणस्वातंत्र्याचं कलम स्वतः पुसलं आणि बुशराला तुरुंगात धाडलं.

गजाआडून भावाने विचारलं, "ताई, तुला कशासाठी आणलं?"

"सुवाच्य लिहिलं म्हणून," ती म्हणाली.