मलमलीखालचे गोंडे

कांद्याचे बियाणे पिकवण्यात ज्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, अशा कोंडाजीबाबांकडे एकदा एक तरुण शेतकरीण शिकायला आली. नाव शेवंता. कष्टाळू, हुशार, पण अधीर.

बाबांच्या शेताचा बांध चार हात रुंद होता. त्यावर निर्गुडी, तरवड, रानतुळस माजलेली. शेवंताला ते पाहवेना.

"बाबा, हा बांध साफ करू द्या. आणखी चार ओळी कांदा बसेल."

"बसेल," बाबा म्हणाले. "पण आधी यंदाचं बी हाती येऊ दे."

कांद्याला फुलांचे गोंडे धरले. ते उमलण्याआधीच बाबांनी आपले जुने मलमलीचे उपरणे फाडले आणि शेतातले सर्वांत टपोरे दहा गोंडे निवडून त्यांवर सैल पिशव्या बांधल्या.

"पाखरं खातील म्हणून?" शेवंताने विचारले.

बाबा हसले. "यांना पाणी, खत तूच घाल. काही कमी पडू देऊ नकोस."

तिने काही कमी पडू दिले नाही. काढणीच्या दिवशी बाबांनी तिच्या तळहातावर आधी एक उघडा गोंडा चोळला. काळेभोर दाणे निघाले. मग मलमलीखालचा चोळला. नुसते भुसकट, त्यात एखाददुसरा दाणा.

शेवंताचा चेहरा उतरला. "याला तर मी सगळं दिलं होतं!"

"तू दिलंस, पोरी. पण मधमाशी पोचली नाही. कांद्याचा फुलोरा महिनाभराचा. उरलेले अकरा महिने त्या माशीनं राहायचं कुठं, खायचं काय? ती या बांधाच्या आसऱ्यानं जगते. ही जागा पडीक नव्हे, हेही आपलं पीकच आहे. चार ओळींसाठी हा बांध मोडलास, तर अख्ख्या शेतावर मलमल पांघरल्यासारखं होईल."

शेवंता शिकून घरी परतली. सासरी तिच्या वाट्याला आलेल्या शेताचा बांध नांगरून नांगरून वीतभर उरला होता. तिने तो चार हात सोडला. लोक हसले, दिराने बोलणे टाकले. पहिल्या वर्षी बी कमीच आले. ती डगमगली नाही. तिसऱ्या वर्षी बांध फुलांनी भरला, आणि एवढी जागा सोडूनही शेजारच्या शेतापेक्षा तिचे बी पोतेभर जास्त भरले.

त्या वर्षी दूरचा एक व्यापारी बाबांकडे बियाणे मागायला आला. ऐंशी वर्षांचे बाबा काठी टेकत त्याला थेट शेवंताच्या खळ्यावर घेऊन गेले.

"बी हिच्याकडून घ्या. माझ्यापेक्षा सरस पिकवते."

"या कोण?"

बाबांची पाठ ताठ झाली. "माझी शिष्या. आता बी कसं धरायचं ते सारं गाव हिला विचारतं. मीसुद्धा."

शेवंताने ओंजळभर बी उचलले आणि व्यापाऱ्याच्या आधी बाबांपुढे धरले.